योनाची गोष्ट वाचायची कशी? जपानी चित्रकथांना, म्हणजे मांगाला, नव्याने हात घालणाऱ्यांसाठी पहिल्या पानापासून

आपल्याकडे गोव्यात मराठी वाचणाऱ्या घरात ऐतिहासिक कादंबऱ्या असतातच. राजवाडा, कट, फितुरी, घोडदौड हे सगळं आपल्याला लहानपणापासून ओळखीचं, आणि जत्रेच्या रात्री नाटक पहाटेपर्यंत बघायची सवय असल्यामुळे लांबलचक गोष्टीची भीती पण नसते. म्हणून मला नेहमी वाटतं की ‘अकात्सुकी नो योना’, इंग्रजीत ‘योना ऑफ द डॉन’, हा मांगा आपल्या वाचकांसाठी अगदी बरोबर आहे. योना नावाची राजाची लाडावलेली मुलगी, घरातल्याच माणसाने केलेला घात, रानातून पलायन, चार ड्रॅगनची दंतकथा आणि खूप हळू उमलणारं प्रेम, सगळं आहे त्यात. तरी पुष्कळजण पहिला खंड घेतात आणि अर्ध्यावर ठेवून देतात. कारणं बहुतेक तीनच असतात. पानं उलटी वाटतात, नावं लक्षात राहत नाहीत, आणि ‘नायिका दमदार आहे’ असं ऐकून वाचायला घेतलं तर ती सुरुवातीला नुसती केसांची काळजी करताना दिसते. या तिन्हींवर उपाय आहेत, म्हणून हे सगळं सविस्तर लिहितोय.

आधी थोडी माहिती. हा मांगा मिझुहो कुसानागी यांचा, २००९ पासून जपानच्या ‘हाना तो युमे’ या मासिकातून येत गेलेला. हे मासिक हाकुसेन्शा प्रकाशनाचं, मुख्यतः मुलींसाठीचं, म्हणजे ज्याला शोजो म्हणतात त्या प्रकारचं, १९७४ पासून चालू आहे. इंग्रजी खंड विझ मीडियाने २०१६ पासून काढले, आपण वाचतो ते हेच. ॲनिमे, म्हणजे पडद्यावरची जपानी चित्रमालिका, पण आहे, स्टुडिओ पिएरोचा, ऑक्टोबर २०१४ ते मार्च २०१५ मध्ये आलेला, २४ भाग. पण ॲनिमेत गोष्टीचा सुरुवातीचा तुकडाच येतो, साधारण पहिल्या आठ खंडांएवढा, आणि मांगाचे खंड चाळीसच्या वर आहेत. म्हणजे ॲनिमे बघून ‘गोष्ट कळली’ म्हणणं म्हणजे पहिल्या अंकानंतर घरी जाणं.

पान कुठून सुरू करायचं

पुस्तक हातात घेतलं की आपल्याला जे मागचं कव्हर वाटतं ते पुढचं असतं. पान उजवीकडून डावीकडे, वरून खाली. पॅनेल, म्हणजे चित्रांच्या चौकटी, पण तसेच, आणि पॅनेलच्या आतले संवादाचे फुगे पण तसेच, उजवीकडचं माणूस आधी बोलतं, डावीकडचं नंतर उत्तर देतं. इथेच गडबड होते, कारण पॅनेल बरोबर क्रमाने वाचतात पण फुगे मात्र सवयीने डावीकडून, आणि मग उत्तर आधी आणि प्रश्न नंतर असं होऊन संवाद तुटक वाटतो.

चित्रं वाचायचा क्रम हा शेवटी संकेत असतो, निसर्गनियम नव्हे. जुन्या गोव्याच्या पुरातत्त्व संग्रहालयात कदंबांच्या काळातले वीरगळ आहेत, ते बघितलेत का? वीरगळ खालून वर वाचायचा असतो. खालच्या चौकटीत लढाई, मधल्या चौकटीत वीराला अप्सरा वर नेतायत, सगळ्यात वरती तो शिवलिंगाची पूजा करतोय. हे माहीत नसलेला माणूस वरून बघायला लागला तर त्याला पूजा करणारा माणूस खाली येऊन मरतो असं वाटेल. मांगाचंही तसंच, एकदा दिशा कळली की डोळे आपोआप वळतात, पहिली पंचवीस-तीस पानं जरा सावकाश घ्या, बस.

अवघड कुठे जातं सांगतो. उजवीकडे एक उंच पॅनेल आणि डावीकडे दोन छोटे एकावर एक, तर आधी उंच पॅनेल पूर्ण, मग डावीकडचा वरचा, मग खालचा. शोजो मांगात पॅनेल एकमेकांवर चढलेले असतात, कधी कडाच नसते, कधी योनाचा पूर्ण उभा देह तीन पॅनेल ओलांडून उभा असतो. तिथे चौकटी मोजत बसू नका, फुगे कुठून कुठे जातायत ते बघा. फुग्याबाहेर पांढऱ्यावर मोकळे लिहिलेले शब्द बहुतेक वेळा मनातले असतात. पॅनेलमधली मोकळी जागा पांढरी असायची ती काळी झाली की बहुतेक जुनी आठवण चालू आहे असं समजायचं. हे एवढं एक कळलं तरी निम्मा गोंधळ जातो, कारण या गोष्टीत लहानपणीचे योना, तिचा अंगरक्षक हाक आणि चुलत भाऊ सू-वोन सारखे मधे येत असतात आणि काळ कुठला ते कळलं नाही तर कोण कोणावर का चिडलंय ते समजत नाही.

पानाच्या कडेला कधी लेखिकेचा उभा मजकूर असतो, ती तिच्या कामाबद्दल किंवा वाचकांच्या पत्रांबद्दल बोलते. तो गोष्टीचा भाग नाही, चॅप्टर संपल्यावर वाचा, नाहीतर ऐन हाणामारीत लय तुटते.

मोबाईलवर वाचणार असाल तर ॲपमध्ये पान कुठल्या बाजूला सरकतं ते सुरुवातीलाच बघून घ्या, आणि दोन पानांवर पसरलेलं मोठं चित्र आलं की फोन आडवा करा. कदंबा बसमध्ये पणजी ते वाळपई जाताना फोनवर वाचता येतं हे खरं, पण बारीक अक्षर आणि बारीक चेहरे, या मांगाची अर्धी गंमत चेहऱ्यांत आहे, त्यामुळे जमलं तर टॅबलेट किंवा छापील पुस्तकच घ्या.

नावांचा कागद करा

हे मी सगळ्यांना आग्रहाने सांगतो. एक कागद घ्या आणि पहिल्या खंडापासून त्यावर कुळं लिहीत जा. गोष्ट घडते कोउका नावाच्या राज्यात आणि त्या राज्यात पाच कुळं आहेत: आकाश, अग्नी, वारा, पृथ्वी, पाणी. प्रत्येक कुळाचा एक सेनापती. राजधानी आणि राजवाडा आकाशकुळाकडे. नावात आडनाव आधी येतं आणि आडनावावरून कुळ कळतं: सोन म्हणजे वाऱ्याचं, कान म्हणजे अग्नीचं, ली पृथ्वीचं, आन पाण्याचं, हान आकाशाचं. म्हणजे सोन हाक हे नाव वाचलं की हा वाऱ्याच्या कुळातला, कान ताए-जुन वाचलं की हा अग्नीचा. एवढं जमलं की नवीन माणूस आला तरी तो कुठल्या बाजूचा ते नावातूनच कळतं आणि दरबारातलं राजकारण एकदम उलगडतं.

शेजारची राज्यं कागदाच्या कडेला लिहा. उत्तरेला काई साम्राज्य, दक्षिणेकडे शिन आणि सेई. सुरुवातीला ती नुसती नावं असतात, पुढे फार कामाची होतात, तेव्हा जागा ठेवा.

पण एक गोष्ट अजिबात करू नका, नावं शोधायला इंटरनेटवर जाऊ नका. एखाद्या पात्राचं नाव टाकलं की पहिल्याच ओळीत कोण मेलं, कोण कोणाचं काय लागतं, सगळं समोर येतं, आणि या गोष्टीत ते आधी कळणं म्हणजे मोठंच नुकसान. चित्रं शोधली तरी तेच. कागद पुरे.

पहिला खंड: इथे थांबू नका

योना सोळा वर्षांची होते त्या दिवशी गोष्ट सुरू होते. तिला स्वतःचे लाल कुरळे केस आवडत नाहीत, चुलत भाऊ सू-वोन आवडतो, आणि बाप, राजा इल, त्याच्याशी लग्न करायला नाही म्हणतो. राजा इल इतका शांतताप्रिय की त्याला शस्त्रं बघवत नाहीत, मुलीला शस्त्राला हात लावू देत नाही. त्याच रात्री ती बापाशी बोलायला त्याच्या दालनात जाते आणि सू-वोनच्या तलवारीने बाप पडताना बघते. मग हाक, तिचा लहानपणीचा सोबती आणि अंगरक्षक, तिला घेऊन राजवाड्यातून पळतो.

हे पहिल्याच चॅप्टरच्या आसपास येतं म्हणून सांगितलं, यापुढचं शक्य तितकं झाकून ठेवतो.

आता पुष्कळ वाचक म्हणतात की राजवाड्यातली पानं बालिश आहेत, लग्नाचं, केसांचं, लाजण्याचं काय एवढं. मला हे पटत नाही. ती पानं सावकाश वाचा, कारण तिथे जे जे हलकं वाटतं ते सगळं पुढे वजन घेऊन परत येतं. सू-वोन तिला वाढदिवसाला केसात माळायचा काटा देतो, तो लक्षात ठेवा. बापाचा शस्त्राबद्दलचा हट्ट लक्षात ठेवा. हाक तिची थट्टा करतो तेव्हा तो कुठे बघतोय ते बघा, तोंडाने काय बोलतो त्यापेक्षा ते महत्त्वाचं.

पळून गेल्यावर काही काळ योना जवळजवळ बोलत नाही. खात नाही, कुठे चाललोय विचारत नाही. पानंच्या पानं तिच्या डोळ्यांत चमक काढलेली नाही, शोजो मांगात डोळ्यातला तो पांढरा ठिपका गेला की माणूस आतून रिकामं झालं असं समजायचं. ही पानं भराभर उलटायचा मोह होतो कारण संवाद कमी असतात, पण इथेच थांबायला हवं. ज्या पानावर तो ठिपका परत येतो ते पान शोधा, आणि कशामुळे आला ते बघा. मी सांगणार नाही, पण ते ‘कोणी वाचवलं म्हणून’ नसतं.

दमदार म्हणजे काय, इथे सगळ्यात जास्त वेळ द्या

मला या मांगाबद्दल मनापासून जे सांगायचंय ते हेच. योनाची ताकद तलवारीत शोधली तर तुम्ही निराश व्हाल. तिच्या आजूबाजूला हाक आहे जो एकटा फौजेला भिडतो, पुढे ड्रॅगनची शक्ती असलेली माणसं येतात, हाणामारीत ती त्यांच्या जवळपासही नाही. तिची ताकद बघण्यात आहे. राजवाड्यात तिने स्वतःचं राज्य कधी बघितलंच नव्हतं, आणि बाहेर पडल्यावर ती बघायला शिकते, आणि जे दिसलं त्यावरून तोंड फिरवत नाही. प्रत्येक खंड संपल्यावर स्वतःला एकच प्रश्न विचारा: या खंडात योनाला नवीन काय दिसलं? उत्तर कागदावर एका ओळीत लिहा. पाच-सहा खंड झाले की त्या ओळी एकाखाली एक वाचा, तुम्हाला नायिकेचा अख्खा प्रवास दिसेल.

उदाहरण म्हणून सुरुवातीचीच एक गोष्ट घ्या. वाऱ्याच्या कुळाच्या फूगा गावात ती आणि हाक आसरा घेतात, आणि अग्नीचं कुळ दबाव आणायला वरून नदीचं पाणी अडवतं. आपल्याकडे म्हादईचं पाणी वळवण्यावरून काय काय चाललंय ते सत्तरीतल्या माणसाला वेगळं सांगायला नको, त्यामुळे नदी आटल्यावर गावातल्या माणसांचे चेहरे कसे होतात ते आपल्याला चट्कन कळतं. योनाला मात्र ते पहिल्यांदाच कळत असतं, की एका राजकीय निर्णयाने दुसऱ्याच्या घरातलं पाणी जातं, आणि आपण इथे आहोत म्हणून हे होतंय. त्यावर ती जे ठरवते तिथून तिची खरी सुरुवात.

दुसरं ठिकाण आवा बंदर. बंदरावरचा अधिकारी माणसांचाच व्यापार करतो. हे वाचताना ‘कल्पित राज्य आहे, अतिशयोक्ती असेल’ असं म्हणून पुढे जाऊ नका. १५८३ मध्ये गोव्यात आलेल्या लिन्शोतेन नावाच्या डच माणसाने लिहून ठेवलंय की जुन्या गोव्याच्या सरळ रस्त्यावर, रुआ दिरैतावर, रोज सकाळी लिलाव व्हायचा आणि त्यात इतर मालाबरोबर गुलाम माणसंही विकली जायची. बंदर श्रीमंत होतं तेव्हा त्या श्रीमंतीच्या खाली काय असू शकतं ते आपल्या मातीतही घडलेलं आहे. आवाचा भाग त्या जाणिवेने वाचला की योना तिथे जो धोका पत्करते त्याचं मोल कळतं. तिथे गिगान नावाची म्हातारी जहाजाची कप्तान आहे, ती योनाची परीक्षा घेते, एका कड्यावरून औषधी पाला आणायला पाठवते. मला अख्ख्या मांगातली आवडती बाई गिगानच, कारण ती योनाला राजकन्या म्हणून सवलत देत नाही आणि मुलगी म्हणून कमीही लेखत नाही.

आणि तिसरं, जे सगळ्यात अवघड. अग्नीकुळाच्या प्रदेशात योना भूक बघते. गावंच्या गावं उपाशी, आणि हे सू-वोनने केलेलं नाही, हे तिच्या बापाच्या काळापासून आहे. ज्या बापावर तिचा जीव होता, जो खरोखर प्रेमळ होता, तो राजा म्हणून लोकांना पुरा पडला नाही. आणि ज्याने त्याला मारलं तो राज्य चांगलं चालवतोय. आता नायिकेने काय करायचं? सूडाची गोष्ट असती तर सोपं होतं. लेखिका इथे योनाला, आणि आपल्यालाही, सोपी वाट देत नाही. म्हणून सू-वोनच्या प्रसंगांवरून रागाने पानं उलटू नका, तो जिथे जिथे येतो तिथे दोनदा वाचा. त्याला माफ करा असं मी म्हणत नाही, पण त्याला नीट वाचल्याशिवाय योना समजत नाही.

शस्त्राबद्दल पण बोलायला हवं. योना हाककडे शिकवायचा हट्ट धरते तेव्हा तो आधी धनुष्य देतो. बाण दुरून मारायचा असतो, म्हणजे ती लढाईच्या मधे येणार नाही, त्याची काळजी त्या निवडीतच दिसते. पण बाण सोडायचा म्हणजे समोरच्या जिवाकडे टक लावून बघावं लागतं. परत बघणंच! पहिल्यांदा जिवंत प्राण्यावर नेम धरताना तिचे हात कसे काढलेत ते बघा, बापाची शिकवण आणि जगायची गरज दोन्ही त्या बोटांत आहेत.

इतिहास किती, कल्पना किती

कोउका हे खरं राज्य नाही, पण कपडे, नावं, शस्त्रं, वाड्यांची छपरं बघितली की कोरियाच्या तीन राज्यांच्या काळाची आठवण येते. गोगुर्यो, बेकजे आणि सिल्ला ही ती तीन राज्यं, परंपरेने इसवी सनपूर्व ५७ पासून इसवी सन ६६८ पर्यंतचा काळ. गोगुर्योमध्ये खरोखर पाच मोठी कुळं होती, ती जोडूनच ते राज्य उभं राहिलं असं मानतात. गोगुर्योचा संस्थापक म्हणून ज्याची दंतकथा सांगतात तो जुमोंग धनुर्विद्येसाठीच प्रसिद्ध. त्या काळच्या थडग्यांमधल्या भिंतींवर चार दिशांचे चार रक्षक प्राणी रंगवलेले सापडतात, निळा ड्रॅगन, पांढरा वाघ, लाल पक्षी आणि काळं कासव. आणि सिल्लामध्ये ६३२ ते ६४७ या काळात सोनदोक नावाच्या राणीने स्वतः गादीवर बसून राज्य केलं. हे वाचलेलं असलं की मांगातली मुलगी राज्याचा विचार करते ते हवेतलं वाटत नाही.

पण कोण म्हणजे कोण असं जुळवत बसू नका. आपण ऐतिहासिक कादंबऱ्या वाचणारे लोक, आपल्याला लगेच ‘हे खरं घडलं होतं का’ विचारायची सवय. इथे इतिहास हा कापडासारखा आहे, वेश त्याचा आणि आतला जीव लेखिकेचा.

दंतकथेचं मात्र वेगळं. लाल ड्रॅगन हिर्यू माणूस होऊन राजा झाला, आणि त्याच्या रक्षणासाठी चार ड्रॅगननी चार योद्ध्यांना आपलं रक्त दिलं: पांढऱ्याचा हात, निळ्याचे डोळे, हिरव्याचा पाय, पिवळ्याचं शरीर. ही दंतकथा सुरुवातीच्या खंडांतच येते, ती जिथे सांगितलीय त्या पानाला खूण घालून ठेवा. मग योना त्या वारसांना शोधत निघते तेव्हा गावांची तुलना करा. एकच दंतकथा, पण एका गावात ड्रॅगनच्या वारसाला देवासारखं जपलंय, दुसऱ्या गावात त्याला घाबरून मुखवट्यामागे लपवलंय, तिसऱ्याने साखळदंड घातलेत. श्रद्धा तीच असताना माणसं इतकी वेगळी का वागतात, हा प्रश्न मला फार आवडतो, आपल्याकडच्या गावागावांतल्या देवस्थानांच्या रूढी बघितलेल्या माणसाला तर तो नक्की भिडेल. आणि अजून एक प्रश्न धरून ठेवा: हे योद्धे योनामागे येतात ते रक्ताच्या ओढीने की स्वतःच्या मर्जीने? हिरवा ड्रॅगन जेहा याच मुद्द्यावर सुरुवातीला अडून बसतो, आणि त्याचं अडून बसणं अगदी बरोबर आहे.

प्रेम: घाई करू नका

रोमान्स म्हणून वाचायला घेतलेल्यांना सांगतो, इथे कबुली लवकर येत नाही. खूप खंड जातात. हाकच्या मनात काय आहे ते वाचकाला लवकर कळतं, योनाला कळत नाही, आणि त्यातच सगळी गोडी आहे. ती कबुलीची पानं शोधून आधी वाचायचा मोह आवरा, मधले खंड गेले तर ती पानं नुसती गोड वाटतील, खोल वाटणार नाहीत.

मी सुचवतो ती पद्धत अशी. प्रत्येक खंड दोनदा वाचा. पहिल्यांदा गोष्टीसाठी, नेहमीसारखा. दुसऱ्यांदा शब्द न वाचता, फक्त चित्रं, आणि त्यात तीन गोष्टींवर लक्ष ठेवा: केसातला तो काटा कुठे आहे, हाकचे हात कुठे आहेत, आणि योना कोणाकडे बघतेय. काटा म्हणजे सू-वोनबद्दलची तिची जुनी माया, ती एका रात्रीत मरत नाही, आणि लेखिकेने ती मरू दिली नाही याबद्दल मला तिचा फार आदर वाटतो. हाकचे हात म्हणजे त्याचा संयम, किती वेळा पुढे येऊन थांबतात ते बघा. हे दुसरं वाचन अर्ध्या तासाचं काम आहे, पण याच्याशिवाय हे प्रेम निम्मंच वाचलं जातं.

मधे हलके विनोदी चेहरे येतात, ठेंगणी गोल चित्रं, योनासोबत फिरणारा युन नावाचा मुलगा सगळ्यांवर ओरडतोय, खार खांद्यावर नाचतेय. गंभीर प्रसंगानंतर हे का असं वाटेल, पण तो श्वास घ्यायचा वेळ असतो. युनला हलक्यात घेऊ नका, स्वयंपाक, औषधं, वाटा, पैशांचा हिशेब सगळं तोच बघतो, त्याच्याशिवाय ही मंडळी आठवडाभरही टिकली नसती.

पुस्तकं मिळवणं आणि सांभाळणं

सगळे खंड एकदम घेऊ नका, पहिले तीन घ्या. दोन खंडांवर मत बनवू नका, तिसऱ्याच्या आसपास गोष्ट खरी पकड घेते. ऑनलाइन दुकानांत सुटे खंड मिळतात, मधला एखादा संपलेला असतो, तेव्हा क्रम बघून ऑर्डर करा आणि डिजिटल आवृत्तीचा पर्याय ठेवा. चोरून टाकलेले स्कॅन वाचू नका, लेखिकेची मेहनत आहेच, पण शिवाय त्यात भाषांतर दर चॅप्टरला बदलतं, एकच नाव तीन प्रकारे येतं आणि तुमचा नावांचा कागद फुकट जातो.

पणजीला पाटोवर कृष्णदास शामा ग्रंथालय आहे, १८३२ साली सुरू झालेलं, देशातल्या सगळ्यात जुन्या सार्वजनिक ग्रंथालयांपैकी एक. तिथे किंवा तुमच्या तालुक्याच्या वाचनालयात अशा पुस्तकांची मागणी लेखी नोंदवून बघा. दोघीतिघींनी मिळून खंड वाटून घेणंही चांगलं, एक म्हापशाची, एक फोंड्याची, एक मडगावची, महिन्याला बदलायचे, आणि मग नावांचे कागद एकमेकींना दाखवायचे.

गोव्याचा पावसाळा मात्र पुस्तकांचा शत्रू आहे. मांगाचा कागद खरखरीत असतो, ओल लगेच ओढतो, जुलै-ऑगस्टमध्ये पानांना लाटा येतात आणि कव्हरला बुरशी धरते. कपाट भिंतीला चिकटवून ठेवू नका, खंड एकमेकांत दाबून भरू नका, मधे सिलिका जेलच्या पुड्या ठेवा आणि त्या दर काही आठवड्यांनी बदला. प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून ठेवलं की आतली ओल आतच राहते, तेव्हा तसं नको. ऊन पडलं की पंख्याखाली पानं मोकळी करा, थेट उन्हात ठेवलीत तर ती पिवळी पडतील.

मुलांना द्यायचं का असं पालक विचारतात. तेरा-चौदाच्या पुढे हरकत नाही असं माझं मत. रक्त आहे, माणसांचा व्यापार आहे, पुढे नशेच्या पदार्थाचा एक भाग आहे. लेखिका कुठेही त्याची मजा घेत नाही, पण लहान मुलांना सोबत बसून वाचू द्या.

ॲनिमे आधी बघितला असेल तरी पहिल्या खंडापासूनच सुरू करा, निदान चित्रांसाठी. अगदी वेळच नसेल तर आठव्या खंडापासून घ्या, म्हणजे शेवटचे बघितलेले प्रसंग कागदावर परत भेटतील आणि धागा लागेल.

या वाटेवर पुढचं काही हवं असेल तर चिए शिनोहारा यांचा ‘रेड रिव्हर’ घ्या, १९९५ ते २००२ मध्ये आलेला, २८ खंडांत संपलेला. आजच्या जपानमधली यूरी नावाची मुलगी जादूने प्राचीन हित्ती साम्राज्याच्या राजधानीत, हत्तुशात ओढली जाते, हे ठिकाण आज तुर्कस्तानात आहे. तिथला राजपुत्र मुर्सिली या खऱ्या राजावर बेतलेला, त्यामुळे इतिहासाची भूक असलेल्यांना ते जास्त आवडेल. फक्त ते मोठ्यांसाठी आहे, त्यातली जबरदस्ती आणि शरीरसंबंधांची चित्रणं योनापेक्षा पुष्कळ उघड आहेत, तेव्हा शाळेतल्या मुलीच्या हातात योना द्या आणि तो स्वतःसाठी वरच्या फळीवर ठेवा.